लाल रेघेवरची फुली

एमिल रुस्नाक पुंगळ्या डोळ्यांपेक्षा कानांनी तपासायचा. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ओंजळीत घ्यायचा, हलकेच खुळखुळवायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. एखाद्या पुंगळीच्या तोंडाला केसाएवढी चीर गेलेली असली, तर तडा गेलेल्या कपासारखी ती त्या गर्दीत बद्द वाजते. मग एमिल ओंजळ टेबलावर रिकामी करायचा आणि त्यातली नेमकी तेवढी एक बाजूला काढायचा. मी पुष्कळदा त्याच्या शेजारी बसून कान टवकारले. मला कधी काही ऐकू आलं नाही.

हा कान त्याला काचेच्या कारखान्याने दिला होता. खोऱ्यातला तो कारखाना बंद पडेपर्यंत एमिल तिथे बाटल्या तपासायच्या पट्ट्याशी उभा असायचा. कारखाना गेला, बायको आयरीन गेली, आणि माणसाकडे राहिलं काय, तर तळघरातलं काडतुसं भरायचं यंत्र आणि हा कान.

मी डॉटी. आमच्या रॉड अँड गन क्लबचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. गुरुवारी संध्याकाळी चांदमारी असते, तेव्हा बीन्सचं सूप आणि हलुश्की, म्हणजे कोबी घातलेल्या शेवया, मीच करते. माझी जीभ माझ्या मिरपुडीपेक्षा तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ही गोष्ट मी गोडीत सांगणार नाही, कारण तिच्यात गोड काही नाही.

आमच्याकडे पिस्तूल चालवणारी निम्मी माणसं काडतूस घरीच भरतात. तीच पुंगळी पुन्हा घ्यायची, साच्यातून दाबून मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू घालायची आणि वर गोळी. पितळ सोसतं, पण किती सोसेल ते पितळच ठरवतं. कुठे तोंडाशी चिरतं, कुठे टोपीची खोबण सैल होते. सगळ्यात वाईट म्हणजे काही पिस्तुलांत पुंगळीच्या बुडाला नीट आधार नसतो, तिथे ती फुगते. फुगलेली पुंगळी साच्यातून काढली की वरून नव्यासारखी दिसते आणि आतून हरलेली असते. बद्द वाजतसुद्धा नाही ती. ती बोटांनी चाचपून ओळखावी लागते.

गुरुवारी झाडून झालं की सगळे कमरेत वाकून आपापल्या पुंगळ्या वेचतात. ओळख पटावी म्हणून जो तो बुडावर खूण करून ठेवतो, कुणाचा निळा ठिपका, कुणाची हिरवी रेघ. एमिलची लाल रेघ होती, आयरीनच्या नेलपॉलिशची. तिची बाटली संपल्यावर तो औषधांच्या दुकानातून त्याच रंगाची नवी आणायला लागला. तिथली पोरगी त्याला दर वेळी विचारायची, "आज हाताला की पायाला, मिस्टर रुस्नाक?" आणि हा दर वेळी म्हणायचा, "पायाला. हाताला शोभत नाही."

त्या लाल रेघेला आमच्यात मान होता. एमिलने वापरलेली पुंगळी मिळाली तर लोक न बघता खिशात टाकायचे. त्याने ठेवली म्हणजे ती चांगलीच असणार, वाईट असती तर त्याने ती फोडली असती. फोडायची म्हणजे पकडीने तिचं तोंड चेपून टाकायचं, आणि मगच भंगारात. नुसती फेकली तर कुणीतरी हावरा उचलणार आणि पुन्हा भरणार, म्हणून ही रीत. एमिल तिला प्रार्थनेइतका पक्का होता.

मग त्याच्या बोटांना संधिवाताने धरलं. यंत्राचा दांडा तो तळव्याने रेटायचा, पण पक्कड आवळेना. तेव्हा ड्वेन केर्शनर म्हणाला, "तू कशाला हाल करून घेतोस? बादलीत टाकत जा. मी नेईन, फोडीन आणि भंगारवाल्याकडे पोचवीन."

ड्वेन म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस, पेगीचा नवरा. अर्धं गाव लहानपणी त्याच्या बसमध्ये बसलेलं, त्यामुळे सगळ्यांना अजून टोपणनावांनी हाक मारायचा. खांद्यावर थाप, तोंडात विनोद. एमिलचा तो जिवाचा दोस्त. आयरीन आजारी होती तेव्हा एमिलची कारखान्यात पाळी असली की ड्वेन तिला पिट्सबर्गच्या इस्पितळात न्यायचा, वाटेत तिला हसवायचा, परतताना तिच्या आवडीचं पीच आइस्क्रीम घेऊन द्यायचा. हे खरं आहे आणि ते मी खोडणार नाही.

तर बादली ठरली. पण एमिल तो एमिलच. न फोडलेली वाईट पुंगळी घराबाहेर जाऊ देणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो टाकायच्या पुंगळीच्या लाल रेघेवर दुसरी आडवी रेघ ओढायला लागला. रेघ म्हणजे चांगली, फुली म्हणजे मेलेली. ही फुली त्याने ड्वेनला दाखवली, आणखी कुणाला नाही. गरजच नव्हती, कारण फुलीवाली पुंगळी बादलीतून थेट ड्वेनच्या पकडीत जायची होती.

"फोडल्यास ना?" एमिल दर वेळी विचारायचा.

"फोडल्या रे बाबा. माझ्या बायकोने इतक्या वेळा कधी विचारलं नाही, दार लावलंस का म्हणून."

मग तो टंचाईचा काळ आला. दुकानांची फडताळं ओस पडली. काडतुसं नाहीत, टोप्या नाहीत, पुंगळ्याही नाहीत. एरवी वेचायचा कंटाळा करणारी माणसं गवतात रांगायला लागली. आणि त्या दुष्काळात ड्वेनकडे मात्र पुंगळ्या असायच्या. कुणी तोंड वाईट करून बसलं की ड्वेन गाडीतून एक पिशवी काढायचा. "घे रे. रुस्नाकच्या आहेत, लाल रेघ बघ." बदल्यात एक पैसा घ्यायचा नाही. मलाही वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. जानेवारीत त्याला क्लबचा अध्यक्ष केला, तेव्हा विरोधात हात वर करायला कुणीच नव्हतं. एमिलने तर त्याचं नाव सुचवलं होतं.

आता जोलीन. जोलीन पेट्रास आमच्या गावातली केस कापणारी. चुणचुणीत, एकटी, हसली की सगळं दुकान हसायचं. एमिलचे उरलेसुरले केस तीच कापायची आणि त्याला छळायची, "एमिल, तुमच्याकडून मी केस शोधायचे जादा पैसे घ्यायला हवेत." तिला नेमबाजीची गोडी लागली. त्या हिवाळ्यात दर रविवारी चर्च सुटलं की ती एमिलच्या तळघरात काडतूस भरायला शिकायला जायची. आयरीन गेल्यापासून त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. एमिलने तिला सगळं शिकवलं. प्रत्येक पुंगळी चाचपून बघ, कुणावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही नाही, हेसुद्धा शिकवलं. पण टाकलेल्या मालावरच्या फुलीबद्दल सांगायचं त्याला सुचलं नाही. सुचावं तरी कसं?

वसंत लागला. ड्वेनने तिला पिशवी दिली. "एमिलने पाठवल्यात, तुझ्यासाठी." तिने लाल रंग बघितला आणि चाचपल्या नाहीत. एमिलच्याच पुंगळ्या एमिलच्याच शिष्येने काय चाचपायच्या? साच्यातून काढल्या, भरल्या आणि गुरुवारी घेऊन आली.

मी खिडकीशी सूप ढवळत होते. पिस्तुलाचा आवाज आम्हाला कुत्र्याच्या भुंकण्याइतका सवयीचा, पण तो आवाज निराळा होता. मागोमाग जोलीनचा आवाज आला, बारीक आणि आश्चर्य वाटल्यासारखा. पुंगळी बुडाशी फुटली होती. सगळा जाळ खाली पिस्तुलाच्या मुठीत उतरला, काडतुसांचं मॅगझिन खालून निखळून पडलं, मुठीची कवचं उडाली आणि त्यांनी तिचा उजवा तळवा अंगठ्याशी चिरला. चष्म्याने डोळे वाचवले. एमिल सगळ्यांत आधी तिच्यापाशी पोचला. त्या वाकड्या बोटांनी त्याने माझा टॉवेल तिच्या हाताभोवती आवळून धरला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही.

जोलीनचा हात वाचला. पण अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात पूर्वीसारखी जाण राहिली नाही. आता बघा, केस कापणाऱ्या बाईला नेमकी तीच दोन बोटं लागतात.

फुटलेली पुंगळी हातोहात फिरली. लाल रंग सगळ्यांना दिसला. पुढच्या गुरुवारी चांदमारी नाही, नुसती सभा. ड्वेन टेबलामागे अध्यक्षाच्या खुर्चीत. जोलीन पहिल्या रांगेत, हाताला पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा. एमिल उभा राहिला. अंगात नारिंगी जाकीट होतं, चांदमारीच्या रक्षकाचं. आमच्या क्लबात कुणी कधी झाडायचं, कधी थांबायचं, ते इतकी वर्षं तोच सांगायचा.

पहिलं कोण बोललं, तर गाड्या दुरुस्त करणारा हर्शेल. "दारू दोनदा पडली असेल."

"नाही," एमिल म्हणाला. "दारू बरोबर होती. तिची उरलेली काडतुसं मी उघडून बघितलीत. ही बुडाशी फुगलेली पुंगळी होती. हे बघा, इथे फुली आहे. फुली मी टाकून दिलेल्या मालावर करतो."

"टाकून दिलेला माल जोलीनकडे कसा आला?" हर्शेलने विचारलं.

जोलीन म्हणाली, "ड्वेनने दिला. एमिलने पाठवलाय म्हणाले."

सगळ्यांच्या माना ड्वेनकडे वळल्या. त्याने चष्मा काढला, पुसला. "पुंगळ्या एमिलनेच दिल्या होत्या मला. आपल्या हाताने. मी फक्त पोचवल्या."

खोटं बोलायचं तर असं बोलावं, की त्यातला शब्द न शब्द खरा निघावा.

"फोडायला दिल्या होत्या," एमिल म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ड्वेन, तुला फुली माहीत आहे."

इथे आमची एक रीत सांगायला हवी, कारण एमिल तिच्यावरच विसंबला. कागदाच्या लक्ष्यावर भोक रेषेला शिवलं की नाही असा वाद पडला, तर ज्याने गोळी झाडली त्याला विचारायचं. तो सांगेल ते खरं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. बाहेरच्यांना हसू येतं, पण आमच्या आजोबांच्या काळापासून हे चालत आलंय. मला आठवतं त्या काळात कुणी त्या शब्दात खोट आणली नव्हती. एकदा बक्षीस हातात पडत असताना ड्वेनने स्वतः सांगितलं होतं, माझी रेषेला लागली नाही, बक्षीस एमिलला द्या. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

एमिल म्हणाला, "मी तुझ्याकडे बोट दाखवत नाही. तुझी गोळी आहे, तू सांग. फुली म्हणजे काय, तेवढं सगळ्यांना सांग. तू सांगशील ते मला मान्य."

मी स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभी होते. एमिलच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला नीट आठवतं. तो ड्वेनकडे बघत होता ते अगदी निवांत. ड्वेन थोडा लाजेल, मान्य करेल, मग दोघं मिळून जोलीनची माफी मागतील, असं त्याने मनात धरलं होतं.

ड्वेनने चष्मा चढवला. "मला फुलीबिली काही माहीत नाही, एमिल. तू कधी बोलला नाहीस."

एमिल उभाच राहिला. बद्द पुंगळी ऐकताना व्हायची तशी मान तिरपी झाली होती.

मग ड्वेन मायेने बोलला, आणि ती माया मला त्या खोट्यापेक्षा जास्त झोंबली. "आपण सगळे म्हातारे होतोय रे. तुझे हात असे, आयरीन गेल्यापासून तू एकटा. एखादी गोष्ट डोक्यातून निसटते. तुला कुणी दोष देत नाही."

दोष कुणी दिला नाही. ठराव मात्र झाले. एमिलने रक्षकाचं जाकीट उतरवावं. आणि लाल रंगाची जी पुंगळी ज्याच्याकडे असेल, ती त्याने फोडून एमिलला परत करावी. हात वर झाले. जोलीनने डावा हात वर केला.

एमिलने जाकिटाचे बंद सोडले, ते घडी घालून टेबलावर ठेवलं, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सूप आज नको, डॉटी." मग बाहेर पडला.

मी दुसऱ्या दिवशी हलुश्कीचं भांडं घेऊन त्याच्याकडे गेले आणि तोंड सोडलं. "गाढवा, तिथेच त्याची गचांडी का नाही धरलीस? 'तू सांगशील ते मान्य' म्हणे. चोराला न्यायाधीश करतोस?"

"ड्वेन आहे तो," एमिल म्हणाला. जणू त्यात उत्तर होतं.

"होता."

त्याने काट्याने कोबी उलटला. मग म्हणाला, "आयरीनला तो इस्पितळात न्यायचा. परत येऊन मला सांगायचा, डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे. मी विश्वास ठेवायचो. काल रात्री मला वाटायला लागलं, ते तरी डॉक्टर म्हणाले होते का?"

वर्षानुवर्षांची दोस्ती, आणि आता त्यातली एकेक आठवण हा माणूस ओंजळीत घेऊन खुळखुळवून बघत बसला होता.

मी जोलीनकडेही गेले. दुकान बंद होतं. ती आतल्या खुर्चीत बसून रबराचा चेंडू दाबत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला असंही मला वाटतं.

"मग ते तिथे ओरडले का नाहीत?" ती म्हणाली. "त्यांना ठाऊक होतं ना कुणी केलं? तरी म्हणाले, ड्वेन सांगेल ते मान्य. डॉटी, माझा हात होता तो. कागदावरचं भोक नव्हतं."

तिचं चुकत नव्हतं.

"त्यांना सांगू नका मी असं म्हणाले," ती म्हणाली. नंतर थोड्या वेळाने, "नाही, सांगा."

मी सांगितलं नाही. पण त्याला कळलं असावं, कारण तो पुन्हा केस कापायला कुठेच गेला नाही. मानेवरचे पांढरे केस कॉलरवर रुळायला लागले.

मग डबे यायला लागले. ठरावाप्रमाणे. सकाळी एमिल दार उघडायचा तर पायरीवर कॉफीचा डबा, लोणच्याची बरणी, नाहीतर सॉक्समध्ये बांधलेलं गाठोडं. आत तोंड चेपलेल्या पुंगळ्या. बेल कुणी वाजवायचं नाही. एमिल प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायचा. ओंजळीत खुळखुळवून काही कळत नव्हतं, चेपलेलं पितळ सगळं सारखंच वाजतं. मग तो एकेक उचलून बुडं बघायचा. बहुतेकांवर साधी रेघ. चांगल्या, अजून पुष्कळ वेळा चालल्या असत्या अशा. मधूनच एखादी फुली. ती सापडली की तो डबा फिरवून कुणाचा ते बघायचा. "ही हर्शेलकडे होती," तो म्हणायचा. "त्याचा नातू झाडतो त्याच्या पिस्तुलाने." म्हणजे बघा, सगळा क्लब त्याच्याशी बोलत नव्हता, आणि हा सगळ्या क्लबसाठी घाबरत होता.

ड्वेन आला तो शनिवारी दुपारी. मी तिथेच होते. आणि तो आला तो बेल वाजवून. अध्यक्ष ना, ठराव पाळलेला दिसायला हवा. रस्त्यापलीकडे दोन माणसं कुंपण रंगवत होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एमिल, माझ्या वाट्याच्या घेऊन आलोय बाबा. नियम सगळ्यांना सारखा." दीड वीत उंचीचा पत्र्याचा डबा होता, वर आणायला त्याला धाप लागली.

एमिलने पायरीवर बसून डब्यात हात घातला. एक पुंगळी काढली, बूड बघितलं. दुसरी काढली. तिसरी. मग खोलवर हात घालून मूठभर काढल्या आणि पायरीवर पसरल्या. मीही वाकून बघितलं. साधी रेघ एकीवरही नव्हती. सगळ्या फुल्या. माणसाला फुली माहीत नव्हती आणि त्याच्या डब्यात फुलीखेरीज दुसरं काही नव्हतं. एवढ्या बादल्या नेल्या, त्यांतलं वाटून उरलेलं सगळं गॅरेजमध्ये तसंच पडून होतं. आता मात्र एकूण एक पुंगळीचं तोंड पकडीने नीट, घट्ट चेपलेलं होतं.

ड्वेनलाही तेव्हाच दिसलं. तो पसरलेल्या पुंगळ्यांकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. पलीकडची माणसं रंगवायची थांबली होती. एक हाक मारली असती तर ती आली असती, साक्षीदार झाली असती. मी हाक मारायला वळलेही. एमिलने माझ्या घोट्यावर हात ठेवला.

तो वर बघून ड्वेनला म्हणाला, "फोडल्यास ना?"

ड्वेनने चष्मा काढला, पुसायला लागला.

"फोडल्यास," एमिल म्हणाला. "एवढंच सांगितलं होतं तुला."

ड्वेनने खाकरून घसा साफ केला. आता तरी बोलेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी तो बोलला असता तर एमिलने त्याला घरात घेऊन कॉफी पाजली असती.

"डबा पेगीचा आहे," ड्वेन म्हणाला. "रिकामा करून दिलास तर बरं होईल."

एमिल उठला. त्याने डबा दोन्ही तळव्यांत धरून पायरीवर उपडा केला, रिकामा झाल्यावर बुडाला दोन थापा मारल्या आणि ड्वेनच्या हातात दिला. मग आत जाऊन दार लावून घेतलं, आणि मला बाहेरच विसरला.